गुडघ्याच्या खाली

मी मालिश करते. ताई काय करता, असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. पुरुष असेल तर त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. बाई असेल तर ती घाईघाईने म्हणते, म्हणजे लहान बाळांची ना? तिला मला सावरून घ्यायचं असतं. मी सावरून घेत नाही. बाळांची करते, बाळंतिणींची करते, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरींच्या पोटऱ्यांची करते, धानाच्या रोवणीने कंबर धरलेल्या बायांची करते, आणि नवरा गेल्यापासून जिच्या अंगाला कोणी मायेने हात लावलेला नाही अशा म्हातारीचीही करते. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला इतक्या वर्षांत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

शिकले मायकडून. आमचं माहेर सानगडीपासून चार किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, चिकटून. घरात मासेमारी. बा जाळं टाकायचा, माय बाजारात मासे विकायची आणि गावात कोणी बाळंत झालं की सकाळी तिकडे न्हाऊ-माखू घालायला जायची. ती लाकडी पिढ्यावर बसून पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि तिचे मासे कापून खरबरीत झालेले हात त्या एवढ्याशा पाठीवरून असे फिरायचे की रडून लाल झालेलं पोर तिथल्या तिथे झोपून जायचं. मी शेजारी बसून तेल गरम करून द्यायची. बारावी झाल्यावर लग्न झालं, नवऱ्याच्या कामामुळे नागपूरला गेले आणि तिथे एका दवाखान्यात फिजिओच्या विभागात मदतनीस म्हणून सहा वर्षं काढली. तिथे मला कळलं की मायचे हात बरोबर होते आणि तिच्या काही सवयी साफ चुकीच्या होत्या.

नागपूर सोडून सानगडीला राहायला आल्यावर पहिलं भांडण तिच्याशीच केलं. बाळाच्या नाकात-कानात तेल सोडायचं नाही, छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत, डोकं गोल करायला दाबायचं नाही, असं मी तिला सांगितलं. तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी कुणाकडून तरी कळलं की तिने एका सासूला दरडावून तेलाची वाटी बाजूला ठेवायला लावली होती, माही पोरगी शिकून आली हाये म्हणून. माय आता नाही. पण भांडावं कसं आणि ऐकावं कसं, हे मी तिच्याकडूनच घेतलं असं मला वाटतं.

मला दोन प्रकारच्या लोकांचा राग येतो. पहिले म्हणतात मालिश म्हणजे श्रीमंतांचे चोचले. दुसरे म्हणतात मालिशने सगळं बरं होतं. मोडलेलं हाड मालिशने जुळत नाही. साखर उतरत नाही. ताप असताना, ताजी सूज असताना हात लावू नये, आणि एकच पोटरी गरम होऊन फुगली असेल तर मी तेलाची बाटली उघडतच नाही, आधी डॉक्टरकडे पाठवते. पण अंग मोकळं होतं, झोप लागते, दुखणं सोसण्याइतकं कमी होतं, बाळ निवांत होतं आणि त्याच्या आईचा जीवही थाऱ्यावर येतो, हे मी रोज डोळ्यांनी बघते. एवढ्यावर माझं भागतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलं म्हणून तूप-हळद लावून हळूहळू चोळतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मला हा रिवाज फार आवडतो. पण एकदा बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं की रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईची कंबर कोणी शेकतं का? तिला कोणी आवतण देतं का? बाया खो खो हसल्या. एक म्हणाली, आम्हाला शिंगं नाहीत ना. पण त्याच आठवड्यात तिघी जणी माझ्याकडे आल्या, एकेकट्या, इकडेतिकडे बघत, जणू दारू प्यायला आल्या होत्या. पहिली तर पाठीला हात लागताच रडायला लागली. दुखतं का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की मी कोणाला भिणारी बाई नाही, हे वाचणाऱ्याला कळावं. कारण आता मला माझी चूक सांगायची आहे.

गेल्या पौषात बाला लकवा मारला. सकाळी उन्हात बसून जाळं सांधत होता. हातातली सुई पडली, ती उचलायला वाकला आणि उठलाच नाही. तोंड एका बाजूला गेलं होतं. माझा धाकटा भाऊ साकोलीच्या एका शाळेत कारकून आहे. तो निघायच्या तयारीत होता, त्याने कोणाचं काही ऐकून न घेता शेजाऱ्याची गाडी काढली आणि बाला थेट भंडाऱ्याला नेलं. गावातले दोन जाणते आधी अंगारा लावून मग न्या म्हणत होते. भावाने त्या दिवशी जी घाई केली तिच्यामुळे बा वाचला. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी भावावर रागावणार आहे.

दहा दिवसांनी बा घरी आला. उजवा हात बराचसा परतला होता, बोलणं थोडं जड होतं, उजवा पाय मात्र आलेला नव्हता. निघताना तिथल्या फिजिओ मॅडमनी मला आणि भावाला समोर बसवून सगळं दाखवलं. सांधे कसे हलवायचे, कुशीवर कसं वळवायचं, घोटा काटकोनात कसा धरून ठेवायचा. पोरगी माझ्या निम्म्या वयाची असेल, पण तिचे हात बोलत होते. ती म्हणाली की पाय परत येतो तो व्यायामाने. मालिशने पाय मऊ राहतो, आखडत नाही, दुखणं कमी झालं की माणूस व्यायामाला तयार होतो, आणि हात लागत राहिला की हा पाय आपलाच आहे हे त्याच्या डोक्याला आठवत राहतं. पहिले काही महिने वाया घालवू नका, असं तिने दोनदा सांगितलं.

बाने तिला एकच गोष्ट विचारली. श्रावणात तलावात मासोळीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडतात, तोवर मी पाळीवर उभा राहीन का? ती म्हणाली, बाबा, प्रयत्न करू. बाला तेवढं पुरलं. पन्नास वर्षं तो त्या पाळीवर उभा राहिला होता. आमच्याकडे जाळं फेकणारा माणूस टाचेवर फिरतो, सगळं वजन टाचेवर घेऊन कमरेतून वळतो तेव्हा कुठे जाळं हवेत गोल उघडतं. आता जाळं फेकता येणार नाही हे त्याने मनाशी मानलं होतं. पण खाटेवर पडून बी सोडल्याचं ऐकायचं, हे त्याला मरणासारखं वाटत होतं. तसं तो म्हणालाही.

मी रोज सकाळी सानगडीहून स्कूटीने यायला लागले. पहिल्या दिवशी मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं, थंडीत ते तुपासारखं गोठतं म्हणून. खांद्यापासून सुरू केलं. हात, पाठ, कंबर, मांडी, गुडघा. गुडघ्याच्या खाली हात नेला आणि बा ओरडला.

"नोको बाई. पायाले हात नोको लावू."

आमच्याकडे लेक बापाच्या पायाला हात लावत नाही. लग्नात बाप लेकीचे पाय धुतो, आणि त्यानंतर तर तिने बापाच्या पायाला शिवणं म्हणजे बापाच्या डोक्यावर पाप चढवणं. आमच्या घरात कुठल्याच सणाला मी बाच्या पाया पडलेली नाही. मला त्यात कधी काही खटकलंही नव्हतं, उलट लहानपणी मजा वाटायची, भावाला वाकावं लागायचं आणि मी ताठ उभी. मी बाला म्हटलं की हे पाया पडणं नाही, हा इलाज आहे. तो ऐकेना. "तुले नाही लागत, मले लागते," म्हणाला, आणि रडायला लागला. लकव्यानंतर माणसाला रडू लवकर येतं हे मला ठाऊक होतं. पण मी माझ्या बापाला जन्मात कधी रडताना पाहिलेलं नव्हतं.

आणि मी, बैलांवरून बायांना सुनावणारी, मायशी भांडणारी मी, गुडघ्यावर थांबले. ठरलं असं की गुडघ्यापर्यंत मी करायचं आणि खालचं भाऊ करेल.

भावाने पहिले आठ दिवस नीट केलं. पुढे पुढे तो सकाळी बस पकडायच्या गडबडीत असायचा. पोटरीवर तेल फासायचा, तळव्याला दोनदा चोळायचा आणि हात धुवायला पळायचा. तोच भाऊ संध्याकाळी बाला पाठीवर घेऊन संडासला न्यायचा, त्याचे कपडे धुवायचा, त्याला घास भरवायचा. मग त्याला बोलायचं कुठल्या तोंडाने? मी रोज बघत होते, बाचा पंजा खाली कलत चालला आहे. रोज ठरवत होते की उद्या बोलू. दोन महिने मी उद्या बोलू म्हणत राहिले.

मध्येच दिघोरीहून आत्या आली, बाची मोठी बहीण. तिने कबुतराच्या रक्ताचं तेल आणलं होतं, लकव्यावर रामबाण म्हणे. मी बाटली घेतली आणि मागच्या बाजूला नेऊन उकिरड्यावर ओतून आले. आत्या चार दिवस धुसफुसत होती. हे करायला माझी हिंमत होती, बघा. दुसऱ्याच्या अज्ञानावर मी तुटून पडत होते आणि माझ्या हातातला पाय वाया जात होता.

होळीनंतर बाला तपासणीला नेलं. मॅडमनी पंजा वर ढकलून पाहिला. येईना. त्यांनी बाला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं तर उजवी टाच जमिनीपासून चांगली चार बोटं वर. बा नुसत्या चवड्यावर थरथरत उभा. त्याला बसवून त्यांनी विचारलं की घोट्याचं कोण करतं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीकडे.

"ताई, तुम्ही तर या कामातल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. त्याहून वाईट काय असणार? एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी सगळं समजून उमजून केलं होतं, बापाच्या शब्दाखातर, आणि त्याच्या टाचेची शीर आखडू दिली होती. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. अजून घोटा सुटू शकतो, त्या म्हणाल्या, पण दिवसातून दोनदा, न चुकता, हळूहळू. जोर केला तर इजा होईल, रोज केलं नाही तर पुढे ऑपरेशनची गोष्ट निघेल. हमी त्यांनी दिली नाही. चांगल्या लोकांनी देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले ती सरळ खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले.

"बा, आजपासून पाय मी करणार."

"नोको. मले पाप लागते, बाई."

"देवाले सांगजो, पोट्टी ऐकत नव्हती. माह्यावर टाकजो सारं."

"तुही माय असती तं..."

"माय नाही. मी आहे. तुले चालाचं आहे का नाही, तेवढंच सांग."

त्याने डाव्या हाताने खाटेची कड धरली. मग म्हणाला, चालाचं आहे.

"मंग तोंड झाक," मी म्हटलं.

त्याने गळ्यातला दुपट्टा ओढून तोंडावर घेतला. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. तीन गावांतले पाय मला ओळखता येतील, कुणाच्या टाचेला कुठली भेग आहे ते सांगू शकेन, आणि माझ्या बापाचा पाय मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात धरत होते. पाण्याने खाल्लेल्या बोटांच्या बेचक्या, जळवांचे जुने डाग, अंगठ्याच्या नखाखाली कधीतरी शिरलेल्या काट्याची काळी रेघ. मला रडू आलं आणि त्याच वेळी भयंकर राग आला. या पायांनी आम्हाला वाढवलं आणि मला ते शिवायचे नाहीत, हे कोणी ठरवलं? ज्याने ठरवलं त्याला कधी कोणाचा आखडलेला घोटा सोडवायला लागला होता का? तो समोर असता तर मी त्याच्या हातात तेलाची वाटी दिली असती.

काम किचकट होतं. आधी ऊन पाण्याच्या फडक्याने पोटरी शेकायची, पाय बधिर म्हणून पाण्याचा ऊनपणा आधी माझ्या कोपराला लावून बघायचा. मग खालून वर पोटरी सैल करायची. मग टाच तळहातात घेऊन, तळव्याला हाताची पूर्ण लांबी टेकवून, श्वासागणिक पंजा वर आणायचा आणि धरून ठेवायचा. घाई केली की शीर आणखी घट्ट होते. मला घाईची सवय आहे, बोलण्यात तर आहेच. ती तिथे मोडली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्या परत आली आणि दारातच थबकली. तोंडावर कपडा घेतलेला तिचा भाऊ आणि त्याच्या पायाशी त्याची लेक. तिने काय काय म्हटलं ते लिहीत नाही. सार एवढंच की मी बापाला नरकात घालत होते. मी हात थांबवला नाही. ती थेट माझ्या भावाकडे गेली. त्या संध्याकाळी भावाने मला अंगणात गाठलं आणि म्हणाला, बाई, दार लावून करत जा, आणि कोणी विचारलं तर मी करतो म्हणून सांगू. मी भडकले. तर तो म्हणाला, "तू सानगडीले निघून जातेस. लोकं बाले बोलतीन, मले बोलतीन. आमाले इथं राहाचं आहे." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. बाच्या कानावर कोणाचं बोलणं पडून त्याने पुन्हा पाय आखडून घेतला तर? त्या एका भीतीपोटी मी कबूल झाले.

तेव्हापासून दार लावून. बाहेर चैत्र, वैशाख तापायचे आणि आत आम्ही दोघं घामाने निथळायचो. गावात सगळीकडे झालं की पोरगा बापाचे पाय चोळतो. सानगडीच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने मला थांबवून सांगितलं, भाऊ असावा तर तुह्या भावासारखा. मी हो म्हटलं. जीभ चावली आणि हो म्हटलं. लोक मालिशवाली म्हणून नाक मुरडतात ते मी सोसत आले आहे, सोसायला जमतं. पण माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर चाललेलं बघणं मला जमत नव्हतं. रात्रंदिवस ते मला खात होतं.

बा दुपट्ट्याखालून बोलायला शिकला. तोंड दिसत नसलं की माणूस जास्त बोलतो, हे मला बायांच्या पाठी चोळताना कळलेलं होतंच. कोणत्या तलावात कुठली मासोळी कशी लपते, माय लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं, असलं काय काय सांगायचा. मीही सांगायची. कुठल्या पोरीची भरतीची धाव वेळेत निघाली, कुठल्या बाळाने मालिशच्या मध्येच माझ्या अंगावर सू केली. एकदा त्याने विचारलं, "तुह्या मायनं गावभराचं आंग चोळलं. तिचं कोनं चोळलं?"

मी म्हटलं, कोणीच नाही.

"मी बी नाही," तो म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी तो दुपट्टा तोंडावर घ्यायचा बंद झाला. माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मात्र फार सूचना द्यायला लागला. इथं धर, तिथं नको, तेल कमी घे. मला माय आठवली आणि हसू आलं.

टाच खाली येत होती. बाला खाटेला धरून उभं करायचं आणि टाचेखाली बोटं घालून बघायची, हे माझं माप. चाराची तीन झाली, तिनाची दोन, मग किती तरी दिवस दोनच. त्या दिवसांत मी मॅडमना फोन करून करून पिडलं. त्या म्हणायच्या, करत राहा, आणि उभं राहण्याचे व्यायाम नवे सांगायच्या. ते भाऊ करून घ्यायचा, संध्याकाळी, भिंतीला धरून, उठ-बस. भाऊ मोजायचा आणि बा मोजण्यात लबाडी करायचा. आषाढात एका सकाळी माझं एकही बोट टाचेखाली शिरलं नाही. मी पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. बा म्हणाला, आता काय जमीन खोदतेस का?

पाय पहिल्यासारखा झाला नाही. काठी लागते, थकला की पंजा ओढतो, जिना चढता येत नाही. मी चमत्कार विकत नाही हे आधी सांगितलं आहे. पण टाच आधी टेकवून मग पाऊल, असं तो चालतो.

श्रावणात बी सोडायचा दिवस आला. मासेमार सोसायटीची गाडी पाळीखाली उभी होती, पाणी आणि हवा भरलेल्या फुगीर पिशव्यांत बोटभर पिल्लं वळवळत होती. पाळीवर चिखल. बा काठी टेकत निघाला, भाऊ एका बाजूला, मी मागे. घरापासून पाळीपर्यंत त्याची प्रत्येक टाच मी मागून बघत आले. वर पोचल्यावर लोकांनी त्याला जागा करून दिली. पहिली पिशवी त्याच्या हातात दिली, भावाने तिचं तोंड सोडलं, आणि बाने पायावर उभं राहून पिल्लं पाण्यात ओतली. आत्या नागपंचमीला आलेली होती, ती पदराने डोळे पुसत होती.

मग सोसायटीचा म्हातारा अध्यक्ष भावाच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने बोलायला लागला. आजकाल पोरं म्हाताऱ्यांना टाकून देतात, पण या पोराने नोकरी सांभाळून रोज बापाचे पाय चोळले, बघा, बाप उभा केला. सगळे माना डोलवत होते. भाऊ खाली बघत होता. मी पाण्याकडे बघत होते.

"पोरानं नाही," बा म्हणाला.

अध्यक्षाला वाटलं, बाला नीट ऐकू आलं नाही. तो पुन्हा सांगायला लागला. बाने काठी चिखलात रोवली.

"पोरानं मले पाठीवर वाहिलं, ते त्याचं. पाय माह्या लेकीनं केले. पाच महिने, दार लावून. कोनाले पाप दिसत असन तं मले बोला. तिले नाही."

आत्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाने तिच्याकडे बघितलंही नाही. तो बाजूच्या दगडावर बसला, उजवा पाय लांब केला आणि मला म्हणाला की चिखलात चालून घोटा दुखून राहिला, पाह्य जरा.

घोटा दुखत नव्हता. दुखला असता तर त्याच्या चालीवरून मला वाटेतच कळलं असतं. भावाने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यासाठी दगडाजवळ अंथरला. मी त्यावर बसले आणि बाच्या पायाचा चिखल हाताने पुसून काढला. पाळीवर वीसेक माणसं उभी होती, कोणी हललं नाही. मी टाच तळहातात घेतली आणि अजिबात घाई केली नाही.